किलोमीटरला किती पैसे? अंतरानुसार टोलविषयी ठाणे–नवी मुंबईच्या वाचकांची प्रश्नोत्तरे

‘जेवढी गाडी चालवाल तेवढेच पैसे भरा’ हे ऐकायला सोपे वाटते. पण अंतर मोजणार कोण, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दराने, आणि हिशेब चुकला तर दाद कुठे मागायची, हे प्रश्न लगेच उभे राहतात. ठाणे, भिवंडी, कल्याण, उलवे, कळंबोली या पट्ट्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. रोज आनंदनगर नाक्यावरून मुंबईत जातो. ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही. आता किलोमीटरप्रमाणे टोल येणार म्हणतात. म्हणजे सोडलेला टोल मागच्या दाराने परत येणार का?

आजच्या नियमांप्रमाणे नाही. अंतरानुसार टोलची जी तरतूद झाली आहे ती केंद्राच्या २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत, सप्टेंबर २०२४ च्या दुरुस्तीने. ती राष्ट्रीय महामार्गांपुरती आहे. मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके (दहिसर, मुलुंडचा एलबीएस मार्ग, आनंदनगर, ऐरोली आणि वाशी) हे राज्याचे. शहरातल्या उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) तिथे टोल लावला होता. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना तिथे माफी मिळाली, ती राज्य सरकारच्या निर्णयाने. ती काढायची तर राज्यालाच नवा निर्णय घ्यावा लागेल. जड वाहने आजही तिथे टोल भरतात.

तुमच्या प्रश्नात एक महत्त्वाचा धागा आहे. आनंदनगरला कारला ४५ रुपये होते. कोपरीहून दोन-तीन किलोमीटरवरच्या मुलुंड पूर्वेला जाणारा ४५ भरायचा आणि कुलाब्यापर्यंत जाणाराही ४५च. नाक्यापलीकडच्या हरिओमनगरच्या रहिवाशांना तर मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहूनही आपल्याच शहरात यायला टोल भरावा लागे. नाका ही रस्त्यावर आखलेली एक रेघ असते. रेघ ओलांडली की पूर्ण पैसे, नाही ओलांडली तर शून्य. अंतरानुसार टोलचा खरा फायदा हा अन्याय दूर करण्यात आहे, आणि तेवढ्यासाठी तरी त्याची बाजू घ्यायला हवी.

म्हणून टोलची कुठलीही बातमी वाचताना आधी रस्ता कोणाचा ते पाहा: केंद्राचा, एमएसआरडीसीचा की मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (एमएमआरडीए). निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

कल्याणहून समृद्धीवर आमणेला चढतो आणि इगतपुरीला उतरतो. नाक्यावर गाडी थांबवून कोणी अंतर विचारत नाही, तरी पैसे बरोबर कसे कापले जातात? आणि एकदा फारच जास्त कापले गेले, ते का झाले असेल?

अंतरानुसार टोल भविष्यात येणार असे सगळे म्हणतात, पण तो ठाणे जिल्ह्यात आधीच आला आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झाला, आणि त्यावर पहिल्यापासून किलोमीटरप्रमाणेच आकारणी आहे. १ एप्रिल २०२५ पासून कारचा दर किलोमीटरला २ रुपये ६ पैसे आहे (त्याआधी १ रुपया ७३ पैसे होता). ७०१ ला २.०६ ने गुणले की १,४४४ येतात, आणि नागपूर ते आमणे कारचा टोल १,४४५ रुपये आहे. तुमचे ७६ किलोमीटर त्याच हिशेबाने १५६–१५७ रुपयांच्या आसपास बसतात.

यात उपग्रह कुठेच नाही. ही ‘बंद पद्धत’ आहे. चढताना रॅम्पवरच्या नाक्यावर लेनच्या वरचा रीडर तुमच्या फास्टॅगचा क्रमांक, नाक्याचा संकेतांक आणि वेळ टिपतो. उतरताना दुसऱ्या नाक्यावर तेच पुन्हा होते. संगणकात प्रत्येक नाक्यापासून प्रत्येक नाक्यापर्यंतच्या अंतराचा तक्ता असतो. दोन नोंदी जुळल्या की तक्त्यातली रक्कम कापली जाते. मध्ये तुम्ही चहाला थांबलात की तासभर गाडी उभी केलीत, याने काही फरक पडत नाही.

चूक होते ती बहुतेक वेळा चढतानाच. प्रवेशाची नोंदच झाली नाही, तर उतरताना यंत्रणेला तुम्ही कुठून आलात ते कळत नाही, आणि बंद पद्धतीत अशा वेळी सर्वांत लांबच्या प्रवेशापासूनचे पैसे लागण्याचा धोका असतो. टॅग न वाचला जाण्याची कारणे अगदी साधी असतात. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरकडून येणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवरच तो क्षणभर जागा होतो आणि उत्तर देतो. त्या लहरी धातूने अडतात. काही गाड्यांच्या पुढच्या काचेला उष्णता रोखणारा धातूचा सूक्ष्म थर असतो. अशा काचेत आरशामागे ठिपक्या-ठिपक्यांचा एक पट्टा मोकळा ठेवलेला असतो, टॅग तिथेच लावायचा. सन फिल्मवर, डॅशबोर्डवर ठेवून किंवा हातात धरून दाखवलेला टॅग भरवशाचा नसतो. हातात धरून दाखवल्या जाणाऱ्या टॅगना काळ्या यादीत टाकण्याचे धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले आहे. काच फुटून नवी बसवली तर जुना टॅग खरवडून लावू नका. तो काढताना आतली तार तुटते, कारण तो तसाच बनवलेला असतो. नवा टॅग घ्या.

चढताना फाटक उघडले म्हणजे नोंद झाली असे धरू नका. कधी कधी कर्मचारी हाताने फाटक उघडतो किंवा हातातल्या यंत्राने टॅग वाचतो. अशा वेळी लगेच विचारा, ‘एंट्री झाली का?’

पैसे जास्त कापले गेलेच, तर आलेला मेसेज तसाच ठेवा: वेळ, नाका आणि रक्कम त्यात असते. त्यासोबत तुम्ही कुठून चढलात याचा पुरावा लागतो. चढण्याआधी घेतलेल्या पेट्रोलची पावती, डॅशकॅमचे चित्रण, काहीही चालेल. तक्रार आधी टॅग देणाऱ्या बँकेकडे करायची, कारण पैसे परत करण्याची प्रक्रिया तिच्यामार्फतच चालते. १०३३ हा क्रमांक राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धी राज्याचा असल्याने तिथल्या टोलची तक्रार बँकेकडे आणि एमएसआरडीसीकडे करावी. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

समृद्धीला कारला किलोमीटरमागे दोन रुपये, आणि आमच्या उलव्याजवळच्या अटल सेतूला २५० रुपये? हा कसला हिशेब?

गुणाकार-भागाकार करून पाहू. २१.८ किलोमीटरला २५० म्हणजे किलोमीटरमागे जवळपास साडेअकरा रुपये. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. तिथे १ एप्रिल २०२३ ला लागू झालेला कारचा ३२० रुपयांचा दर धरला तर किलोमीटरला ३ रुपये ३९ पैसे पडतात. समृद्धीला २.०६. एकाच राज्यात तीन रस्ते आणि तीन दर.

याचे कारण रस्ता कशावर उभा आहे त्यात आहे. अटल सेतूचे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. जमिनीवर भराव टाकून केलेला रस्ता आणि समुद्रतळात खांब रोवून केलेला पूल यांच्या खर्चाची तुलना होऊ शकत नाही. केंद्राच्या नियमांतही हेच तत्त्व आहे. पूल, बोगदा किंवा उन्नत मार्ग असेल तर त्याची लांबी दहापट धरून टोल काढायचा, असा नियम होता. जुलै २०२५ मध्ये त्याला मर्यादा घातली: बांधकामाची लांबी दहापट धरून उरलेल्या रस्त्यात मिळवा, किंवा पूर्ण टप्प्याची लांबी पाचपट करा, यांत जे कमी असेल ते धरा. समजा ४० किलोमीटरचा टप्पा पूर्ण उन्नत आहे. आधी तो ४०० किलोमीटर धरून टोल लागायचा, आता २०० धरून. अटल सेतू एमएमआरडीएचा असल्याने हा नियम त्याला लागू नाही, पण वाढीव दरामागचे तर्कशास्त्र तेच आहे.

इथे आमचे मत स्पष्ट आहे. ‘किलोमीटरप्रमाणे’ हा शब्द वापरायचा असेल तर दर जाहीर करतानाच हिशेबातले किलोमीटर आणि प्रत्यक्षातले किलोमीटर हे दोन्ही आकडे पावतीवर छापायला हवेत. नाहीतर पाच किलोमीटरच्या पुलाला पन्नास किलोमीटरचे पैसे जातील आणि भरणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

जाता जाता: अटल सेतूवर त्याच दिवशी परत येणार असाल तर परतीचा एकत्रित दर ३७५ आहे, म्हणजे एका फेरीच्या दीडपट. राष्ट्रीय महामार्गांवरही २४ तासांच्या आतल्या परतीला हाच दीडपटीचा नियम आहे.

पडघ्याला राहतो. २० किलोमीटरपर्यंत टोल माफ झाला असे व्हॉट्सअॅपवर फिरते आहे. नाक्यावर दाखवले तर ऐकत नाहीत.

नाक्यावरच्या माणसाची चूक नाही. २०२४ च्या दुरुस्तीत २० किलोमीटरची सवलत खरोखर आहे, पण ती फास्टॅगला नाही. ज्या गाडीत उपग्रहावरून स्थान कळवणारे ऑन-बोर्ड युनिट बसवले आहे आणि ते चालू आहे, अशा गाडीला, तीही नॅशनल परमिटची (देशभर मालवाहतुकीचा परवाना असलेली) नसेल तर, दिवसाला प्रत्येक दिशेने २० किलोमीटरपर्यंत शून्य शुल्क असे तो नियम सांगतो. १ मे २०२५ पासून देशभर उपग्रह टोल सुरू होणार अशी हवा पसरली होती, तेव्हा तसा निर्णय झालेला नाही असा खुलासा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने स्वतः केला. त्यामुळे आज तुमच्या हाती ही सवलत नाही.

नियमाची शब्दरचनाही नीट वाचायला हवी. प्रवास २० किलोमीटरपेक्षा जास्त झाला तर ‘प्रत्यक्ष प्रवास केलेल्या अंतराचे’ शुल्क लागेल, असे त्यात म्हटले आहे. शब्दशः घेतले तर २० किलोमीटरला शून्य आणि २१ किलोमीटरला पूर्ण २१ किलोमीटरचे पैसे. माजिवडा ते वडपे हे अंतर सुमारे २४ किलोमीटर आहे. रोज तेवढाच पल्ला असणाऱ्याला या सवलतीचा एक पैचाही उपयोग होणार नाही. पहिले २० किलोमीटर सर्वांनाच माफ आणि आकारणी त्यापुढच्या अंतराची, ही रचना जास्त न्याय्य ठरली असती. प्रत्यक्ष अंमलबजावणीआधी ही दुरुस्ती व्हायलाच हवी.

आज तुमच्या उपयोगाचा आहे तो स्थानिक मासिक पास. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी, बिगरव्यावसायिक गाडीला तो मिळतो. २००७–०८ साली त्याची मूळ रक्कम १५० रुपये होती, २०२५–२६ मध्ये ३५० होती. गाडीचे आरसी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नाक्याच्या कार्यालयात जायचे, पास फास्टॅगला जोडला जातो. दोन अटी मात्र लक्षात ठेवा: तो त्याच एका नाक्यापुरता असतो, आणि जिथे सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता आहे तिथे तो नाकारता येतो.

माजिवड्याला महामार्ग, त्याला खेटून सर्व्हिस रोड, वर उड्डाणपूल. मी खालून सर्व्हिस रोडने भाजी आणायला गेलो तर उपग्रहाला काय कळणार? महामार्गाचे पैसे लागतील ना?

भीती रास्त आहे. उपग्रह टोलचे सगळ्यांत नाजूक दुखणे हेच आहे.

गाडीतले युनिट दर सेकंदाला आपले अक्षांश-रेखांश नोंदवते असे धरू. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला १६–१७ मीटर पुढे जाते. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या युनिटची चूक काही मीटरची असते. पण दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस मजली इमारती असल्या की उपग्रहाची लहर भिंतीवर आपटून उशिरा पोचते आणि नोंदलेला बिंदू बाजूला सरकतो. महामार्ग आणि सर्व्हिस रोड यांच्यात असतो फक्त एक दुभाजक. उड्डाणपुलाच्या बाबतीत तर अक्षांश-रेखांश एकच, फरक फक्त उंचीचा, आणि उपग्रहावरून मिळणारी उंची ही आडव्या स्थानापेक्षा कच्ची असते. पुलाखाली आणि बोगद्यात संपर्क तुटतो तो वेगळाच.

म्हणून नुसत्या बिंदूंवर विसंबून हिशेब करत नाहीत. आधी बिंदू नकाशावरच्या रस्त्याला जुळवून घेतात: गाडीची दिशा, आधीचे बिंदू आणि तिथून कुठे वळता येते ते पाहून. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे महामार्गाच्या अशा जागी आभासी कमानी (संगणकातल्या नकाशावरच्या रेघा) आखणे जिथे शेजारी दुसरा रस्ता नाही. दोन लागोपाठच्या कमानी पार केल्याशिवाय पैसे लागायचे नाहीत. भाजीला गेलेली गाडी एकही कमान पार करत नाही. जिथे गुंता फार आहे, आणि माजिवडा त्यांत पहिला येईल, तिथे रस्त्यावर खरी कमान उभारून रीडर आणि कॅमेऱ्याने खातरजमा करावी लागते.

जर्मनीत जड ट्रकसाठी उपग्रहावर आधारित टोल १ जानेवारी २००५ पासून चालू आहे. पण तो मुख्यतः गावाबाहेरून जाणाऱ्या महामार्गांवर सुरू झाला, आणि फक्त ट्रकसाठी. आपल्याकडे शहर महामार्गाला बिलगून वाढलेले असते. आपल्याकडे केंद्राने सध्या उपग्रहाऐवजी फास्टॅग आणि नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे यांच्या जोडीवर भर दिला आहे, तोच सध्या शहाणपणाचा मार्ग आहे. फाटक नसलेल्या अशा वसुलीचा करार ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या चोर्यासी नाक्यासाठी झाला. कमानीखालून गाडी वेगात जाते, टॅग वाचला जातो, कॅमेरा क्रमांक टिपतो. यात अंतर आपोआप मोजले जात नाही हे मात्र ध्यानात घ्या. अशी कमान म्हणजे फाटक काढलेला नाकाच. अंतराचा न्याय हवा असेल तर समृद्धीसारख्या चढण्या-उतरण्याच्या प्रत्येक जागी कमानी लागतील.

कळंबोलीला आमचे ट्रान्सपोर्ट आहे. जेएनपीएचे (न्हावा शेवा बंदराचे) कंटेनर ओढतो. जास्त अॅक्सलची गाडी घेतली की टोल जास्त. उद्या किलोमीटरने लावला तर आम्हीच भरडले जाणार. रस्ता आम्हीच खराब करतो का?

उत्तर थोडे लांब आहे, कारण तुमची तक्रार अर्धी बरोबर आहे आणि ती अर्धी बाजू कोणी मांडत नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात ठराविक वजनाचे ट्रक ठराविक रस्त्यांवर लाखो फेऱ्या चालवून चाचणी झाली. त्यातून निघालेला ठोकताळा असा: रस्त्याची झीज अॅक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या एका आडव्या आसावरच्या, वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट केले तर झीज सोळापट. आपल्याकडे डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा एकेरी अॅक्सल प्रमाण मानतात. २०१८ पासून चार टायरच्या एकेरी अॅक्सलला ११.५ टनांची मुभा आहे. त्या वजनाला प्रमाण अॅक्सलच्या जवळपास चौपट झीज होते. त्यावर २० टक्के ओव्हरलोड केला, १३.८ टन झाले, की झीज आठपटीवर जाते. माल वाढला पाचव्या हिश्श्याने, रस्त्याचे नुकसान दुप्पट. कारची झीज या हिशेबात जवळजवळ शून्य असते.

आता तुमची बाजू. जोडअॅक्सलला, म्हणजे दोन अॅक्सल शेजारी असतात त्या जोडीला, २१ टनांची मुभा आहे. जोडीसाठी प्रमाण वजन १४८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५.१ टन धरतात. गणित केले तर २१ टनांच्या जोडीची झीज प्रमाणाच्या पावणेचार पटीच्या आसपास येते. म्हणजे ११.५ टनांच्या एकेरी अॅक्सलइतकीच, पण वजन वाहिले जाते जवळपास दुप्पट. जास्त अॅक्सलची गाडी टनामागे रस्ता कमी झिजवते. आणि टोल? २००८ च्या नियमांतले मूळ दर पाहा: कार ६५ पैसे, दोन अॅक्सलचा ट्रक किंवा बस २ रुपये २० पैसे, चार ते सहा अॅक्सलला ३ रुपये ४५ पैसे, सात आणि त्याहून जास्तला ४ रुपये २० पैसे किलोमीटरला. (हे दर दरवर्षी १ एप्रिलला सरसकट ३ टक्के, आणि वर घाऊक किमतींच्या वाढीच्या ४० टक्के असे वाढतात.) हा दर अॅक्सल मोजतो, वजन मोजत नाही. पकडला न गेलेला ओव्हरलोड दोन अॅक्सलचा ट्रक कमी भरतो. तुमचा ट्रेलर उरणहून भरून निघाला काय आणि रिकामा परतला काय, पैसे तेवढेच.

म्हणून किलोमीटरच्या आकारणीला विरोध करण्यापेक्षा तुमच्या संघटनेने एक मागणी लावून धरावी: जड वाहनांचा दर अंतर गुणिले प्रत्यक्ष अॅक्सल-वजन असा काढा. चालत्या गाडीचे वजन घेणारे काटे मोठ्या नाक्यांवर आहेत, त्यांच्या नोंदी फास्टॅगच्या व्यवहाराला जोडणे अवघड नाही. रिकाम्या फेरीला मग आपोआप कमी पैसे पडतील. ओव्हरलोडवाल्याला आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे, पण पकडला गेला तरच. दरातच वजन आले की प्रामाणिक माणसाला बाजारात टिकाव धरता येईल.

आणि हो, झीज म्हणजे रस्त्याचा सगळा खर्च नव्हे. जमीन, पूल, दिवे, गटारे यांचा खर्च कारवाल्यांसाठीही होतो. आपल्या पावसात तर न निघालेले पाणी डांबराखाली शिरते आणि मग जड चाक फक्त शेवटचा घाव घालते. कळंबोली सर्कलला पावसाळ्यात काय होते ते तुम्ही रोज पाहता.

खारघर. इलेक्ट्रिक कार घेतली, अटल सेतूला टोल नाही, पेट्रोलचा कर नाही. मित्र म्हणतो, तू रस्ता फुकट वापरतोस. खरे आहे का?

आजच्या घडीला बरेचसे खरे आहे, आणि त्यात तुमची चूक नाही. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणाने अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली. राष्ट्रीय महामार्गांवर मात्र तुम्ही इतरांसारखाच टोल भरता.

इंधनावरचा कर हाच आतापर्यंतचा अंतराचा कर होता. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या गाडीसाठी लिटरमागचे १५ रुपये म्हणजे किलोमीटरला १ रुपया. ठाणे आणि नवी मुंबईत जुलै २०२४ पासून पेट्रोलवर २५ टक्के आणि डिझेलवर २१ टक्के व्हॅट आहे, शिवाय केंद्राचे उत्पादन शुल्क आणि त्यातला रस्ते उपकर. घोडबंदरच्या कोंडीत अडकलेली गाडी जास्त इंधन जाळते, म्हणजे नकळत जास्त करही भरते. पेट्रोल कारचा राज्यातला एकरकमी कर (किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के) मात्र गाडी दारात उभी ठेवा की लाख किलोमीटर पळवा, तेवढाच. इलेक्ट्रिक गाड्या वाढतील तसा इंधनाचा कर आटत जाईल आणि ही पोकळी कशाने तरी भरावी लागेलच.

न्यूझीलंडने ती ओडोमीटरने भरली. तिथे डिझेल गाड्यांचे मालक पूर्वीपासून १,००० किलोमीटरचे परवाने आगाऊ विकत घेतात. १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक कारलाही १,००० किलोमीटरला ७६ डॉलर लागतात. ना उपग्रह, ना कमान, फक्त मीटरचा आकडा आणि वेळोवेळी होणाऱ्या तपासणीत त्याची पडताळणी. आपल्याकडे इथेच अडते. खासगी कारची फिटनेस तपासणी पहिली १५ वर्षे होतच नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीला पीयूसीसुद्धा लागत नाही. आकडा बघणार कोण आणि कधी? वर्षाला एकदा हमखास होते ती गोष्ट म्हणजे विम्याचे नूतनीकरण. मीटरची नोंद त्याला जोडता येईल. मीटर मागे फिरवणारे निघतील हे धरूनच ती रचना करावी लागेल.

तीन हजारांचा वार्षिक पास पुण्याला जाताना चालेल का? (नेरूळ)

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर चालणार नाही. अटल सेतू आणि समृद्धीवरही नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झालेला हा पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल तोवर, फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर खासगी कार, जीप, व्हॅनला चालतो. साध्या नाक्यावर प्रत्येक ओलांडणी ही एक फेरी, बंद पद्धतीत चढणे-उतरणे मिळून एक. नाशिक किंवा गुजरातच्या बाजूला वारंवार जात असाल तर घ्या, सुरुवातीच्या त्या दराने फेरीला १५ रुपये पडत होते. फक्त पुण्याला जात असाल तर पैसे वाया जातील.

माझी गाडी कुठे कुठे गेली याची नोंद सरकारकडे का असावी? (ऐरोली)

नसावीच, आणि ती न ठेवताही टोल घेता येतो. युनिट गाडीतच नकाशा जुळवून रक्कम काढू शकते आणि बाहेर फक्त ‘अमुक रस्ता, इतके किलोमीटर, इतके रुपये’ एवढेच पाठवू शकते. दुसरी पद्धत म्हणजे सगळे बिंदू केंद्रीय संगणकाकडे पाठवायचे आणि हिशेब तिथे करायचा. दुसऱ्या पद्धतीत युनिट स्वस्त पडते, पण तुमच्या रोजच्या हालचालींचा नकाशा परक्याच्या हाती जातो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०१५ पासून ऐच्छिक स्वरूपात अंतराचा कर आहे. तिथे जीपीएस नसलेले यंत्र निवडण्याची मुभा मालकाला दिली आहे. आपल्याकडेही तशी मुभा, नोंदी किती दिवसांत पुसायच्या याची मुदत, आणि पोलिसांना त्या कोणत्या आदेशाने मिळतील याचा नियम, या तीन गोष्टी अधिसूचनेतच लिहिल्या जायला हव्यात. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्यात सरकारी कामासाठी सवलती आहेत, म्हणून केवळ त्यावर विसंबून चालणार नाही.

जुनी गाडी आहे, २०१४ ची. कॅमेऱ्याच्या टोलसाठी काही करायला हवे का? (डोंबिवली)

दोन गोष्टी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची आहे, ती लावून घ्या. कलाकुसरीचे आकडे आणि ‘दादा’ वाचले जाणारे क्रमांक कॅमेरा भलत्याच गाडीचे म्हणून नोंदवू शकतो, आणि मग दुसऱ्याच्या फेरीचे पैसे तुमच्या नावावर किंवा तुमचे दुसऱ्याच्या नावावर जातात. दुसरे म्हणजे बँकेच्या अॅपमध्ये फास्टॅगला जोडलेला क्रमांक आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. टॅग गाडी घेताना चॅसी क्रमांकावर काढलेला असेल आणि नोंदणी क्रमांक नंतर कधी भरलाच नसेल, तर तो आजच भरून टाका.